उपवासाची गिरणी

उपवासाच्या गिरणीत, जाळीमागच्या कापडी टोपीच्या दुमडीत लालसर पीठ दिसलं, तेव्हा मीनाला आधी वाटलं, राजगिऱ्याचं असेल. पण राजगिऱ्याचं पीठ इतकं लाल नसतं. तिने चिमूटभर बोटांवर घेऊन चोळलं, वास घेतला आणि गिरणीवाल्या बाईच्या सवयीने जिभेवर ठेवलं. नागली, म्हणजे नाचणी. मोड आणून वाळवलेली नागली, म्हणून जराशी गोड. मग तिच्या लक्षात आलं की आपलाही उपवास आहे. नवरात्राची पाचवी माळ होती. तिने दारात जाऊन खळखळून चूळ भरली, पदराने तोंड पुसलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"आई," तिने आतल्या खोलीकडे वळून हाक मारली, "जरा बाहेर येता का?"

साळूबाई, तिची सासू, घटापुढच्या दिव्याची वात सारखी करत बसली होती. गुडघ्यावर हात टेकत ती बाहेर आली.

"सकाळी मी रविवार पेठेत भगर आणायला गेले, तेव्हा या गिरणीवर कोण कोण येऊन गेलं?"

"लय आल्या. सरुबाई भाजणी घेऊन आली, त्या बिल्डिंगीतल्या दोघी-तिघी आल्या, कोपऱ्यावरली मास्तरीण आली. समद्यांचं दळून दिलं मी."

"आणि सगळ्यांच्या आधी?"

"आधी त्या बिल्डिंगीतली उज्वला आली हुती. लेकराच्या सत्त्वाची नागली घेऊन." साळूबाईने सहज सांगितलं. "मोठी गिरणी तर उघडून ठिवल्याली, टाकीवाला तिच्या दगडाला धार लावीत बसल्याला. पोरगं भुकेनं कासावीस झालं हुतं तिच्या कडेवर. म्हनलं दे, हितं दळते."

"या गिरणीत?"

"मंग काय झालं? मागनं मूठभर भगर टाकून काढली की मी. तेवढं पीठ बाजूला बी सारलं. समदे गिरणीवाले तसंच करत्यात."

साळूबाईचं म्हणणं खोटं नव्हतं. नाशकातच काय, कुठेही उपवासाचं दळण असंच निघतं. गहू-बाजरी दळून झाली की गिरणीवाला मूठभर भगर आत सोडतो, निघालेलं पीठ झटकतो आणि "आणा आता" म्हणतो. बायका तेवढ्यापुरती मान दुसरीकडे वळवतात. देवीला सगळं माहीत असतं, बायकांनाही माहीत असतं, आणि त्याची वाच्यता कुणी करत नाही. पण मीनाचं मूठभर भगरीवर भागण्यासारखं नव्हतं, कारण मीनाच्या गिरणीवर पाटी होती. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, पेंटरच्या शेजारी उभं राहून तिने लिहून घेतलेली: 'फक्त उपवासाचे दळण. या गिरणीत धान्य दळले जात नाही.' आणि खाली, 'सौ. मीना हिरामण पगार.'

"आई, पाटी आहे ना वर."

"पाटी मोठ्या मानसांसाठी हाय. लेकराच्या तोंडात जायचं ते. ते काय उष्टं-खरकटं हाय का?" साळूबाई आता जरा फणकारली. "अन् भगर काय, नागली काय, आमच्या कळवणकडं डोंगराच्या एकाच उतरणीला दोन्ही पिकत्यात. देवीला एक चालती न् दुसरी नाय, हे ठरवलं कुनी?"

पण पाटी मीनाने लावली होती, आणि त्या पाटीवर विश्वास ठेवून सकाळपासून सात-आठ घरांत थालीपिठं लागली होती.

त्या पाटीपर्यंत पोचायला मीनाला तीन कर्जं लागली होती. पहिलं घेतलं तेव्हा नामपूरहून लग्न होऊन आलेली ती म्हसरूळच्या या गल्लीत कुणाशी धड बोलतही नव्हती. हिरामण दुसऱ्याचा भाजीचा टेम्पो चालवायचा. एक दिवस फायनान्सवाले सर आले आणि त्यांनी गल्लीतल्या पाच बायकांचा गट केला. एकीच्या कर्जाला बाकीच्या चौघी जामीन. शेत नको, दागिना नको, घराचे कागद नकोत. गहाण काय ते एकमेकींचं तोंड. दर शुक्रवारी अंजलीच्या घरी सतरंजीवर बसायचं, हप्ते जमा करायचे, आणि शेवटच्या बाईचा हप्ता येईपर्यंत कुणी उठायचं नाही. पहिल्या कर्जात मीनाच्या स्वयंपाकघरात घरघंटी आली. दुसऱ्यात पुढच्या खोलीला शटर लागलं, मोठी गिरणी बसली, आणि गिरणीच्या कडेला एका फळीवर साबण, काडेपेटी, चहापत्ती असं करत करत किराणा उभा राहिला. तिसऱ्या खेपेला तिने उपवासाच्या वेगळ्या गिरणीचं नाव काढलं, तेव्हा सर हसले होते.

"वहिनी, उपवास काय रोज असतो का?"

"आमच्या गल्लीत असतो," अंजली म्हणाली होती. ती गटप्रमुख, शिवणकाम करायची, आणि तिची जीभ कात्रीसारखी चालायची. "सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या. कुणाचा पोरासाठी, कुणाचा नवऱ्यासाठी, कुणाचा नवऱ्यापायी. रोज कुणी ना कुणी उपाशी आहेच की."

आणि झालंही तसंच. मखमलाबादहून, दिंडोरी रोडच्या नव्या सोसायट्यांतून बायका स्कूटीवर डबे घेऊन यायला लागल्या. दळता दळता मीना भाजणीची पाकिटंही करायला लागली. एका खोलीत दोन गिरण्या आणि किराणा मावेना, म्हणून शेजारचा सहादूअण्णांचा गाळा घ्यायचा तिने मनाशी पक्कं केलं. तिथे फक्त उपवासाची गिरणी ठेवायची, म्हणजे गव्हाची भुकटीसुद्धा उडून पडायला नको. बायकांना बसायला बाकडं टाकायचं, उन्हाची ताडपत्री लावायची. सहादूअण्णांनी दसऱ्यापर्यंत अनामत मागितली होती. ती वर्षभर जमवून देव्हाऱ्यामागे पिवळ्या फडक्यात बांधून ठेवली होती. नवरात्राच्या कमाईतून हप्ते सुटणार होते, फडक्याला हात लागणार नव्हता, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर शेजारचं शटर वर जाणार होतं. इतकं सगळं सरळ चाललेलं असताना नेमकी ती चिमूटभर लाल भुकटी मध्ये आली.

मीनाने उपवासाच्या गिरणीचं बटण बंद केलं, वायर काढून गुंडाळली आणि ती आधी अंजलीकडे गेली.

अंजली दांडियाच्या घागऱ्यांना लेस लावत होती. मीनाने सगळं सांगितलं, तसा तिने मशीनवरचा पाय उचलला.

"कुणाकुणाला बोललीस?"

"तुम्हालाच. आधी गटाच्या कानावर घालावं म्हटलं."

"घातलंस. आता इथंच ठेव."

"ताई, सरुआजींच्या नवसाचं बारावं वर्ष आहे."

"त्यांना ठाऊक आहे का काही? नाही ना? त्यांनी मनानं उपवास धरला, मनानं केला. आता तू त्यांच्या दारात जाऊन सांगणार की मोडला. मग तो मोडला कुणी? नागलीनं नाही मोडला, तू मोडलास."

हे मीनाच्या मनात आलेलं नव्हतं असं नाही. अंजलीच्या घरी येईपर्यंतच्या वाटेवर तेच तर घोळत होतं.

"दुसरी गोष्ट," अंजली म्हणाली. "भर नवरात्रात गिरणीचं नाव गेलं की शुक्रवारी तू हप्ता कुठून आणणार? तू नाही आणलास तर आम्ही चौघींनी भरायचा. नवसाबाईचा नवरा दवाखान्यात पडलाय. तिला काय सांगू मी? मीनाला खरं बोलायची हौस आलीय, तेव्हा तू चार पैसे जास्तीचे काढ?"

"हप्ता मी आणीन."

"कुठून?"

"आणीन म्हटलं ना."

"मीना, ती पाटी तुझी एकटीची नाही. आमच्या चौघींच्या सह्या आहेत तिच्यामागे."

"म्हणून तर जाते," मीना म्हणाली. "उद्या दुसऱ्याच्या तोंडून बाहेर आलं तर तुम्हा चौघींनाही लोक नावं ठेवतील. उज्वला काय गप्प बसणारे? तिला यात चुकलं काय हेच कळणार नाही. पोराला भरवता भरवता ती सगळ्या बिल्डिंगला सांगेल, काकूंच्या उपवासाच्या गिरणीत कसं बारीक दळून मिळालं."

अंजलीला हसू आलं, ते तिने दाबलं.

"आणि नाहीच कळलं कुणाला, तरी मला माहीत आहे ना. रोज सकाळी शटर उचलल्यावर ती पाटी पहिली मलाच वाचायचीय."

"जा बाई, कर तुला करायचं ते," अंजली म्हणाली आणि तिने मशीन सुरू केली. मशीन नेहमीपेक्षा जरा जोरातच चालत होती.

मीनाने चिल्लर आणि सुट्ट्या नोटा कमरेच्या पिशवीत घातल्या, दळणाचे पैसे परत द्यायला. मग ती दारोदार निघाली. बिल्डिंगीतली वेदिका नोकरीवाली मुलगी. तिने ऐकलं आणि ती खुदकन हसली. "काकू, मी काल ऑफिसात विसरून चकली खाल्ली. देवी समजून घेते हो." मीनाला क्षणभर इतकं हलकं वाटलं की वाटलं, सगळ्याच अशा असत्या तर. पण वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पिठाचा डबा तिच्यासमोर पिशवीत उपडा केला, "गाईला घाला" म्हणाल्या, आणि दळणाचे पैसे मोजून घेतले. मास्तरीणबाईंनी तिला दारातच उभं केलं आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं फैलावर घेतलं. पाटी लावून लोकांना फसवायचं, यापेक्षा पाटी न लावणारे बरे, असं त्यांचं म्हणणं होतं. मीनाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्यांचं संपेपर्यंत ती हलली नाही, कारण ऐकून घ्यायचं हे ती घरूनच ठरवून निघाली होती. सगळीकडे ती एकच वाक्य म्हणत होती, "माझ्या गिरणीत चूक झाली." कुणी केली, हे एकालाही सांगितलं नाही.

सरुबाईंचं घर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

गल्लीच्या टोकाला पत्र्याचं बैठं घर, त्यात त्या एकट्या. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या अमोलला द्वारका सर्कलजवळ गाडीने उडवलं होतं. तो शुद्धीवर येईना, तेव्हा सरुबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर बसून देवीला नवस बोलला होता, याला उठव, बारा नवरात्रं कडक करीन. अमोल उठला, चालायला लागला, आता पुण्यात नोकरीला होता. यंदाचं शेवटचं नवरात्र झाल्यावर देवीच्या गडावर जाऊन ओटी भरायची, खण-नारळ आणूनसुद्धा ठेवला होता. दिवसातून एकदा, दुपारी, त्या भाजणीचं थालीपीठ खायच्या. ती भाजणी मीनाकडेच दळायच्या, पाटी लागल्यापासून दुसरीकडे कुठेही नाही.

"ये गं. बस," त्या म्हणाल्या.

मीना बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. घटाभोवतीचं धान्य हिरवंगार उगवलेलं होतं, पाच माळा वर लोंबत होत्या, आणि ती त्या माळांकडे बघून बोलत होती, सरुबाईंकडे बघायचा धीर होत नव्हता.

"कुणी दळली नागली?" त्यांनी विचारलं.

"गिरणी माझी आहे, आजी."

सरुबाईंनी फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दुपारी दोन खाल्ली मी. चांगली झाली होती." आणि स्वतःशीच, "बारावं होतं गं."

त्या उठल्या, फळीवरचा भाजणीचा डबा काढून त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर ठेवला आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. "जा तू आता," म्हणाल्या. आवाज चढवला नाही, कपाळाला हात लावला नाही.

मीनाला शिव्या चालल्या असत्या. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाशी ती उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. अंजली म्हणाली तेच खरं झालं होतं, त्या म्हातारीचं बारावं वर्ष नागलीने नव्हे, तिने मोडलं होतं. नळावर पाणी भरणाऱ्या बाईने हंडा बाजूला घेतला आणि तिला तोंड धुवायला जागा करून दिली. तोंड धुऊन मीना घरी आली, स्टुलावर चढली आणि तिने पाटी काढून भिंतीकडे तोंड करून उभी ठेवली.

रात्री हिरामण घरी आला, तोवर त्याच्या मोबाइलवर गल्लीच्या ग्रुपमधून सगळी हकिगत येऊन पडली होती. "आईचं नाव घेतलं नाय तू," तो म्हणाला.

"पाटीवर माझं नाव आहे."

आत चटईवर पडलेली साळूबाई जागी होती. तिने कूस बदलली.

सकाळी मीनाला जाग आली ती अंगणात दगड घासल्याच्या आवाजाने. साळूबाईने जिन्याखालचं जातं ओढून बाहेर काढलं होतं. घरात लग्न असलं की हळदीपुरतं ते पुढे यायचं, एरवी त्यावर रद्दी पडलेली असायची. साळूबाई उकळतं पाणी ओतून, काथ्याने घासून ते धूत होती.

"काय करताय आई?"

"ज्यांचं ज्यांचं बाटलं त्यांना दळून द्यायचं. गिरणीवर कुनाचा इस्वास ऱ्हायला नाय. याच्यावर ठिवतील." तिने वर पाहिलं. "तू भाज. मी दळते. खुट्याला हात लाव मात्र, माझ्या एकटीच्यानं आता व्हायचं नाय."

दगड उन्हात कोरडा होईपर्यंत मीनाने भगर, साबुदाणा, राजगिरा वेगवेगळा भाजून घेतला. दुपारी दोघी समोरासमोर बसल्या. खुट्यावर एक सुरकुतलेला हात, त्यावर दुसरा. साळूबाईला ओव्या पुष्कळ येत होत्या, पण तिने एकही म्हटली नाही. मधूनच थांबून पीठ चिमटीत धरायची, "जाड निघतंय," म्हणायची, आणि पुन्हा फिरवायची. मीनाच्या तळहाताला फोड आला. गिरणीचं बटण दाबून दाबून आपले हात किती मऊ पडलेत, हे तिला तेव्हा समजलं.

डबे भरून झाल्यावर साळूबाईने पदर खोचला. "तू दुकान बघ. मी देऊन येते."

"मी येते ना बरोबर."

"नाय. तू जाऊन आली ना काल? आता माझी पाळी हाय."

ती कुठल्या दारात काय बोलली, मीनाला कळलं नाही. संध्याकाळी परत आली तेव्हा सगळे डबे रिकामे होते आणि ती दमून गेली होती. "घेतलं समद्यांनी," एवढंच म्हणाली.

दळण मात्र येईना. उपवासाची गिरणी फडकं झाकून पडली होती. टाकी लावलेली मोठी गिरणी आता सुरेख बारीक दळत होती, पण तिच्यावरही नेहमीच्या निम्म्या बायका. भर हंगामात पलीकडच्या चौकातल्या गिरणीपुढे रांग लागायची आणि मीना आपल्या शटरमध्ये बसून ती बघायची. मूठभर भगर टाकून 'आणा आता' म्हणणारी ती गिरणी. तिला राग यायचा, मग रागाचंच हसू यायचं. तरी तिने शटर कधी उशिरा उघडलं नाही. रोज सकाळी फळ्या पुसल्या, दोन्ही गिरण्या पुसल्या, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला नेहमीसारखं "या" म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी तिने देव्हाऱ्यामागचं पिवळं फडकं काढलं. हिरामण जेवत होता.

"गाळ्याचं काय मग?" त्याने विचारलं.

"हप्ता आधी."

"सहादूअण्णा थांबायचे नाय. दुसरं गिऱ्हाईक लागलंय त्यांना."

"माहीत आहे मला," मीना म्हणाली. तिने गाठ सोडली. गाळ्यातलं बाकडं, ताडपत्री, भिंतीला द्यायचा हिरवा रंग, सगळं तिने डोळ्यांपुढे इतक्यांदा पाहिलं होतं की ते नाहीच हे पटायला तिला जरा वेळ लागला.

शुक्रवारी अंजलीच्या घरी सगळ्या सतरंजीवर बसल्या. खबर सगळ्यांना होती. नवसाबाईने येताना खरंच चार पैसे जास्तीचे आणले असावेत, कारण ती पदराची गाठ मुठीत आवळून बसली होती. सरांनी मीनाचं नाव घेतलं, तशी मीनाने हप्ता पुढे ठेवला, त्या आठवड्याचाही आणि पुढच्या दोन आठवड्यांचाही, म्हणजे दिवाळीपर्यंत चौघींना घोर नको. नोटांना पिवळ्या फडक्याच्या घड्या पडलेल्या होत्या, कापराचा वास येत होता. अंजलीने तो वास ओळखला. गाळ्याचा बेत तिला पहिल्यापासून ठाऊक होता. मीटिंग संपल्यावर सगळ्या उठल्या, तेव्हा तिने मीनाला थांबवलं, आत जाऊन शिवलेल्या दोन कापडी टोप्या आणल्या आणि तिच्या हातात दिल्या.

"नव्या आहेत. गिरणीच्या जाळीला. जुनी टाकून दे."

"केव्हा शिवल्यात?"

"तू गेलीस ना त्या दिवशी बोंबलत, तेव्हाच," अंजली म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

खंडेनवमीला मीनाने दोन्ही गिरण्या धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. उपवासाच्या गिरणीला नवी टोपी बसवली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शेजारच्या गाळ्याचं शटर खडखडत वर गेलं. मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान होतं. दोन स्पीकर, फुगे, काचेच्या दारावर आंब्याचं तोरण. सहादूअण्णा स्वतः पेढे घेऊन आले, जरा ओशाळलेच. "माझापन नाइलाज होता, वहिनी."

"असू द्या अण्णा. शेजार चांगला आहे," मीना म्हणाली. पेढा तिने खाल्ला. गोड होता.

ऊन कलल्यावर, आपट्याची पानं वाटायला पोरं पळत होती तेव्हा, सरुबाई आल्या. हळूहळू चालत आल्या, हातात एक लहान डबा होता. नऊ दिवसांत त्या आणखी वाळल्यासारख्या दिसत होत्या. साळूबाई दारातच बसली होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकमेकींच्या हातात आपट्याची पानं दिली.

"तू आलीस, तू तुझ्या नावावर घेऊन गेलीस," सरुबाई मीनाला म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी ही आली, ही म्हणे मी दळली, सुनेला बोल लावू नका. चूक एकच, अन् दोघी तिला पदराखाली घेऊन फिरताय."

मीनाने सासूकडे पाहिलं. साळूबाई रस्त्यावरच्या पोरांकडे बघत होती.

"आजी, गडावर गेला होतात?"

"नाही गेले. ओटी ठेवून दिलीय. बारावं धरायचं नाही म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा करायचं." त्या पायरीवर दम खायला टेकल्या. "अमोल फोनवर चिडला. म्हणाला, आई, तुझं वय काय. म्हटलं, बाबा, आता वर्षभर मला मरता यायचं नाही, ते बघ की."

मीनाने डब्याकडे हात केला. "काय आणलंय?"

"भगर. चतुर्थीला लागेल."

"आजी, मी रोज पुसते गिरणी. टोपीपण नवी आहे. पण तुमच्या मनात असलं तर जात्यावर दळून देते."

"साळूबाईचे हात मोडायचेत का आता?" सरुबाई उठल्या. आत आल्या. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं. गिरणीपाशी जाऊन त्यांनी टोपीची दुमड स्वतःच्या बोटांनी उलटून पाहिली, जाळी पाहिली, बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दळ. मी इथं समोर बसते."

शेजारच्या दुकानात स्पीकर लागला होता. मीनाने डब्याचं झाकण काढलं. मग ती थांबली, मागे वळली, भिंतीजवळचं स्टूल उचलून तिने गिरणीच्या अगदी तोंडाशी, दारातून उजेड येत होता तिथे आणून ठेवलं, म्हणजे सरुबाईंना नीट दिसावं.

"बसा," ती म्हणाली, आणि त्या बसेपर्यंत तिने बटणाला हात लावला नाही.